मदत हवी आहे: जिन्याच्या पायऱ्यांना अंधारात चमकणारा रंग

कोकणातल्या घरी माळ्यावर जायला लाकडी जिना आहे. लाईट गेली की आईला पायरीची कड दिसत नाही. सेन्सरचे दिवे नकोत, तिथे सेल कोण बदलत बसणार? म्हणून प्रत्येक कडेला बोटभर चमकता पट्टा ओढायचाय.

रेडियमवाल्याने नंबरप्लेटवाली पट्टी दाखवली. ती टॉर्च मारला तरच चमकते, मग काय उपयोग! मला हवीय स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची पावडर, युरोपियम-डिस्प्रोशियम ही धातूंची मूलद्रव्यं किंचित घातलेली; ती आधी उजेड साठवते आणि मग अंधारात आपोआप चमकत राहते. १९९०च्या दशकात जपानमध्ये निघालेली ही पावडर जुन्या झिंक सल्फाइडपेक्षा कितीतरी जास्त वेळ उजेड देते. हिरवी घेणार, निळी दिसते छान, पण पडते मंद.

अडचण अशी की ही पावडर पाण्याने खराब होते, म्हणजे डिस्टेंपरमध्ये कालवणं बाद. खाली पांढरा हात मारून वर पीयू (पॉलियुरेथेन) वार्निशमधून लावू की इपॉक्सीतून? पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा इपॉक्सीला तडे जातील का? जिन्यात दिवसाही अंधारच असतो. संध्याकाळी तासभर नऊ वॅटचा एलईडी लावला तर पहाटेपर्यंत पुरेल?

पावडर उरलीच तर मेन स्विच, कडी-कोयंडा आणि टॉर्चच्या बुडाला ठिपके देणार आहे. तुम्ही आणखी कुठे वापरलीय? सुटी पावडर पुण्यात किंवा मुंबईत कुठे मिळते, तेही सांगा.