मदत हवी आहे: इंडक्शन लावलं की इन्व्हर्टर मान टाकतो

मंडळी, आमची जुनी ट्रॅव्हलर व्हॅन आम्ही घरगाडी करून घेतली आहे. १२ व्होल्ट २०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिथियम बॅटरी, २००० वॉटचा प्युअर साइन (घरच्या विजेसारखा सप्लाय देणारा) इन्व्हर्टर, छतावर ४०० वॉटचं सोलर. छोटा फ्रिज थेट १२ व्होल्टवर चालतो, त्याची काही कटकट नाही.

घोळ इंडक्शनचा. ८०० वॉटवर चहा होतो, १५०० वर नेलं की अर्ध्या मिनिटात इन्व्हर्टर बोंबलतो आणि बंद. तेव्हा बॅटरीच्या टोकांवर १२.७ व्होल्ट, पण इन्व्हर्टरपाशी जेमतेम ११! बॅटरी मागे, इन्व्हर्टर ड्रायव्हरच्या सीटखाली, मधे पाचेक मीटर १६ स्क्वेअर एमएमची केबल. १५०० वॉट म्हणजे १३० अँपिअरच्या वर, मग केबलच बारीक ना? फिटिंगवाला म्हणतो, "बॅटरी बदला." मला पटत नाही.

इन्व्हर्टर बॅटरीशेजारी हलवू की जाड केबल टाकू? फ्यूज किती अँपिअरचा?

शिवाय इन्व्हर्टरवर टीव्ही लावला की साउंडबारमधून गुणगुण येते, गाडीला बाहेरून घरची लाइट जोडली की येत नाही. अर्थिंगचा प्रश्न असेल का?

गणपतीला गुहागरला निघायचंय. आईने उकडीचे मोदक गाडीतच करायचे ठरवलंय, म्हणून घाई.