मदत हवी आहे: पॅराशूट पॅक करायला शिकतेय, कुठली चूक चालते आणि कुठली अजिबात नाही?

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीची. थायलंडला जाऊन स्कायडायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स केला आहे, लायसन्स अजून मिळायचं आहे. अमेरिकन पद्धतीच्या ‘ए’ लायसन्सला किमान २५ उड्या लागतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्या लायसन्ससाठी भरायच्या कार्डावर आणखी एक अट असते, ती म्हणजे मेन (मुख्य) पॅराशूट कुणाच्याही मदतीशिवाय पॅक करून दाखवणं. उड्या तिकडे गेल्यावर होतील. पॅकिंग मात्र जाण्याआधी हातात बसवायचं आहे. तिकडे राहण्याखाण्याचे पैसे मोजायचे आणि विमान वर जात असताना आपण खाली चटईवर कापडाशी झटापट करत बसायचं, हे परवडत नाही. पण पैशांपेक्षा मोठं कारण वेगळं आहे. ज्या कापडाच्या भरवशावर मी विमानातून बाहेर पडणार, ते पिशवीत कसं गेलं हे मला स्वतःला समजायला हवं.

स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्येच नऊवारी नेसून उडी मारली होती. ते फोटो आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलेले, त्यामुळे उडीला कुणी आडकाठी केली नाही. ‘पॅराशूटची घडी पण तूच घालणार?’ एवढं मात्र आईने विचारलं. तिला ठाम उत्तर द्यायचं आहे.

सरावासाठी एका रिगरकडून (पॅराशूटची देखभाल करणाऱ्या जाणकाराकडून) वापरातून बाद केलेली नऊ सेलची, म्हणजे नऊ कप्प्यांची, जुनी कॅनपी (पॅराशूटचं कापड) आणि कंटेनर (पाठीवरची पिशवी) मिळालं आहे. त्यात रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, नाही, म्हणजे ही रिग (हा अख्खा संच) उडवायचा प्रश्नच येत नाही, फक्त हात बसवण्यासाठी आहे. घराचा सोपा लांब आहे. कंटेनरपासून कॅनपीच्या टोकापर्यंत सगळं सरळ पसरता येतं. पावसामुळे अंगणात काही करणं शक्य नाही.

मला प्रो पॅक, म्हणजे कॅनपी खांद्यावर घेऊन उभ्याने घडी घालायची पद्धत, शिकवलं आहे. ब्रेक (वळवायच्या दोऱ्या) लावणं, लाईन्स (कॅनपीच्या दोऱ्या) बोटांत धरून रायझरपासून (लाईन्स जिथे जोडतात त्या पट्ट्यांपासून) कॅनपीपर्यंत चालत जाणं, कॅनपी खांद्यावर घेऊन ए, बी, सी, डी या पुढून मागे जाणाऱ्या लाईन्सच्या रांगांच्या मधलं कापड एकेक करून बाहेर काढणं, इथवर जमतं. मागची कड पुढे आणून गुंडाळली आणि कॅनपी जमिनीवर आडवी घातली की सगळा आकार फिसकटतो. डी-बॅगमध्ये (घडी घातलेली कॅनपी ठेवायच्या आतल्या पिशवीत) भरताना तर एक कोपरा आत ढकलला की दुसरा बाहेर येतो.

माझे प्रश्न:

घडी गबाळी झाली तर नेमकं काय बिघडतं? इंटरनेटवरच्या व्हिडिओंत प्रत्येक जण आपापली लकब दाखवतो, त्यातलं जिवाशी संबंधित काय आणि नुसतं टापटीप दिसण्यासाठी काय, हे वेगळं करून कुणी सांगत नाही.

डी-बॅगमध्ये कापड भरायची काही युक्ती?

इथल्या दमट हवेत हे सामान ठेवायचं कसं?

आणि गोवा, बेळगाव, पुणे या भागात स्वतः पॅक करणारं कुणी आहे का, जे एकदा समोर बसून माझं काम तपासेल? त्यांच्याकडे यायची माझी तयारी आहे.

प्रतिसाद: केरीचा_वारा

मी केरीला पॅराग्लायडिंग करतो, त्यामुळे तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर माझं काम नाही. पण एक सांगतो, कारण आमच्यातले कुणी तरी ‘ये, मी दाखवतो’ म्हणतील आणि तुम्ही याल. आमचा ग्लायडर जमिनीवरच वाऱ्यावर उभा राहतो, लाईन्स डोळ्यांनी तपासून मग आम्ही पाय उचलतो. घडी वाकडी असली तरी उड्डाणाआधी ते दिसतं. कळंगुटला बोटीमागे पॅरासेलिंग करतात त्यातही छत्री आधीच फुगलेली असते. तुमचं कापड हवेत, वेगात, पिशवीतून उघडतं. आमच्याकडे त्याच्या जवळ जाणारी एकच वस्तू आहे, रिझर्व्ह, आणि तिची घडी आम्हीही जाणकाराकडूनच घालून घेतो. त्यामुळे पॅराग्लायडरवाल्याकडून पॅकिंग शिकू नका.

सामानाबद्दल मात्र बोलू शकतो. नायलॉनचा खरा शत्रू ऊन आहे, म्हणून ‘जरा वाळू दे’ म्हणून उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा. किनाऱ्यावर पसरायचा मोह होतो, तो टाळा. वाळूचे कण लाईन्सच्या विणीत आणि कापडात शिरतात आणि आतून घासत राहतात. खारं पाणी लागलंच तर गोड्या पाण्यात खळबळून सावलीत पूर्ण वाळवायचं. गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नका, उष्णतेने रबर बँड खराब होतात. सोप्यावर लादी असेल तर खाली स्वच्छ ताडपत्री घाला, आणि गुडघ्यांना पॅड हवेतच.

प्रतिसाद: चार_हजार_मीटर

पुण्याचा आहे, उड्या परदेशातच मारतो. तुमचा पहिला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पॅकिंग उलट्या बाजूने समजून घ्या. आधी उघडताना काय होतं ते पाहा. तुम्ही पायलट शूट, म्हणजे छोटी छत्री, वाऱ्यात फेकता. ते ब्रायडल (त्याला जोडलेली लांब पट्टी) ताणतं, ब्रायडल कंटेनर बंद ठेवणारी पिन ओढते, कंटेनर उघडतं, डी-बॅग वर उचलली जाते, लाईन्स रबर बँडमधून एकेक करून सुटतात आणि पूर्ण ताणल्या गेल्यावरच कापड बॅगेतून बाहेर येतं. मग कॅनपी फुगायला लागते आणि स्लायडर (लाईन्सवर सरकणारा कापडाचा चौकोन) तिला अडवत अडवत खाली येतो, म्हणून झटका सोसवतो. तुम्ही तेव्हा ताशी जवळपास १९० किलोमीटर वेगाने खाली येत असता. घडीतली प्रत्येक गोष्ट हा क्रम राखण्यासाठी आहे. क्रम मोडणारी चूक जिवावर बेतू शकते. बाकीच्या बऱ्याच चुकांनी कॅनपी थोडी एका बाजूला वळून उघडेल, इतकंच.

पायलट शूट कॉक केलेलं आहे ना, हे सगळ्यात आधी. किल लाईनवाल्या पायलट शूटमध्ये ती मधली दोरी ओढून ठेवली नाही, तर ते फुगतच नाही आणि नुसतं मागे फरफटत राहतं. ब्रायडलवर छोटी खिडकी असते, तिच्यात रंगीत खूण दिसली पाहिजे. पॅक करायच्या आधी बघा आणि कंटेनर बंद करताना परत बघा. ब्रायडल पिनपर्यंत कुठून जाते तेही तेव्हाच तपासा, ती चुकीच्या वाटेने गेली तर पायलट शूट फुगूनही पिन निघत नाही.

स्लायडर वरच्या टोकाला, स्टॉपना (त्याला अडवणाऱ्या खुणांना) टेकलेला हवा, आणि कॅनपी आडवी घालताना, गुंडाळताना, भरताना तो तिथून हलता कामा नये. खाली घसरलेल्या स्लायडरने असा झटका बसतो की माणूस जखमी होतो, कॅनपी फाटते. म्हणून कॅनपी आडवी घालताना एक हात लाईन्सच्या टोकाशी घट्ट ठेवायचा. तुमचा आकार फिसकटतो म्हणालात ना, तो कापडाचा फिसकटत असेल तर चालेल, स्लायडरच्या भोवतीचा फिसकटत असेल तर परत खांद्यावर घ्या.

लाईन्स मधोमध आणि ताणलेल्या, कापड बाहेरच्या बाजूला. एखादी ब्रेक लाईन पुढच्या कडेवरून गेली की लाईन-ओव्हर होतो (दोरी कॅनपीवर आडवी पडते), आणि तो वर सोडवत बसायला वेळ नसतो. ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे लावलेले हवेत, एकच सुटला तर कॅनपी उघडताक्षणी गरगर फिरते. बॅगेचं तोंड बंद करणारे रबर बँड सैल नकोत. ते सैल असतील तर लाईन्स ताणल्या जायच्या आधीच कापड बाहेर पडतं. तुटलेला, चिरलेला बँड तिथल्या तिथे बदला. क्लोजिंग लूप (पिन ज्यात अडकते तो दोरीचा फास) झिजलेला दिसला तर तोही, कारण तो अवेळी तुटला की कंटेनर नको तिथे उघडतं. पिन बसल्यावर पुल-अप कॉर्ड (लूप वर ओढायची दोरी) हळू काढायची, सर्रकन ओढली तर घर्षणाने लूप भाजतो.

बाहेरच्या कापडाला सुरकुत्या, बॅग जरा फुगलेली, एक बाजू दुसरीपेक्षा जाड, यांच्यामागे तासन्‌तास घालवू नका. सुरुवातीला एक तास लागला तरी हरकत नाही. रोज पॅक करणारे दहा-पंधरा मिनिटांत करतात, पण त्यांच्या वेगाशी आपल्याला आत्ता काही घेणं नाही.

आणि आईंना सांगा की रिझर्व्हची घडी तुम्ही घालणार नाही. ती प्रमाणित रिगरच घालतो आणि अमेरिकन नियमाप्रमाणे दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा घालतो, वापरली असो वा नसो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, मनापासून आभार. उघडण्याच्या क्रमातून घडी समजून घ्यायची, हे मला कोर्समध्ये कुणी असं सांगितलं नव्हतं. आजच सोप्यावर ताडपत्री घालून, काही न गुंडाळता, फक्त बॅग हाताने ओढत ओढत तो क्रम पुन्हा पुन्हा पाहिला. लाईन्स बँडमधून कशा सुटतात ते डोळ्यांसमोर आलं. केरीच्या दादांचेही आभार, आमच्याकडे तिघांनी ‘केरीला जा, शिकवतील’ असंच सुचवलं होतं.

बॅगेत भरण्याचं मात्र अजून अडतंय.

प्रतिसाद: चार_हजार_मीटर

ते सगळ्यांचंच अडतं. शून्य सच्छिद्रतेचं कापड आहे, त्यातून हवा आरपार जात नाही, फक्त शिवणी आणि कडांमधून निघते. म्हणून दाबून नाही, वाट बघून काढावी लागते. आडवी घातल्यावर अख्खी छाती टेकवून तिच्यावर झोपा आणि लाईन्सच्या टोकाकडून वर सरकत जा. दोन्ही बाजू बॅगेच्या रुंदीइतक्या आत दुमडा, थोड्या कमीच. मग घडीवर गुडघा ठेवा, आणि इथून पुढे तो गुडघा उचलायचा नाही. एस आकाराची घडी त्या गुडघ्याखाली घाला. बॅग आधी एका कोपऱ्यावर पूर्ण चढवा, त्या कोपऱ्यावर गुडघा न्या, मग दुसरा कोपरा. कापड बॅगेत ढकलू नका, बॅग कापडावर ओढा.

एक लक्षात ठेवा, तुमची कॅनपी जुनी आहे, तिचं कापड मऊ पडलेलं असणार. तिकडे नवी मिळाली तर ती जास्त निसटेल. तेव्हा घाबरू नका, हात तोच चालवा. आणि घरी कितीही चांगलं जमलं तरी तिथली पहिली पॅक रिगर किंवा इन्स्ट्रक्टर शेजारी उभा असतानाच करा, प्रत्येक टप्प्यावर त्याला थांबवून दाखवा.

दिवाळीनंतर मी कुटुंबासह म्हापशाला येतो आहे. एक सकाळ मोकळी ठेवतो. तुमच्या घरीच बसू, म्हणजे सामान हलवायला नको. तोवर रबर बँड आणि क्लोजिंग लूपची दोरी जास्तीची मागवून ठेवा, आणि लाईन्सचे फोटो इथे टाका. रायझरपासून कॅनपीपर्यंतचे, वरून काढलेले. एखादी कुठे अडकली असेल तर आधीच बोलता येईल.