विषय: गाडीची खोली अर्धी अडकली, आजच उत्तर हवं

मंडळी,
आपल्या डोळे तपासणीच्या गाडीची बाजूला सरकणारी खोली अर्ध्यावर अडकली आहे. पुढचा कोपरा आत आला, मागचा चार बोटं बाहेरच. बटण दाबलं की पंप चालतो आणि खोली आणखी तिरकी होते, म्हणून ड्रायव्हरला हातही लावू नका म्हटलंय. गाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेडमध्ये उभी आहे. गुरुवारी मंगळवेढ्याला शिबिर आहे.

तेलाच्या दाबाने खोली सरकवणाऱ्या मागच्या सिलिंडरखाली लाल तेल साचलंय. टॉवेलने रॉड पुसून नख फिरवलं, तर वीतभर चऱ्यात नख अडकतं. धूळ अडवणारं बाहेरचं सील उन्हाने कडक होऊन फाटलंय, त्यातूनच कच आत गेली असणार. इथे जेसीबीचे सिलिंडर करणारे मिस्त्री उद्या सकाळी खोलायला तयार आहेत. गाडी बांधणारे म्हणतात, अख्खा सिलिंडर बदला, तीन आठवडे लागतील. खोलू देऊ का?
– सोलापूरहून

---

मिस्त्रींनी हात लावला की बांधणारे वॉरंटी नाकारतील. त्यांचं म्हणणं आधी लेखी घ्या. जनरेटरच्या वेळी कच्च्या कागदावर बिल आलं आणि हिशेब तपासताना उत्तरं मला द्यावी लागली. पुन्हा तसं नको.
– खजिनदार

---

टाकीत तेल कोणी, कधी भरलं ते आधी विचारा. पातळी बघायची ती खोली पूर्ण आत असताना. बाहेर असते तेव्हा टाकीतलं तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. माझ्या आरव्हीत, म्हणजे राहत्या गाडीत, मी खोली बाहेर असताना टाकी काठोकाठ भरली. आत घेताना सगळं लाल तेल गालिच्यावर. तो डाग अजून आहे. बॅटरीही मोजा, 12 व्होल्टच्या खाली असली तर पंपात जोर राहत नाही. आणि ब्रेक ऑइल थेंबभरही नको, सीलचं रबर फुगतं.
– नाना, डलास

---

नाना, एटीएफ, म्हणजे ते गिअरबॉक्सचं लाल तेल, तुमच्याकडे चालतं. सोलापुरात उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो, ते पातळ पडतं. 68 नंबरचं हायड्रॉलिक तेल घाला, इथे सगळ्या मशीनला तेच असतं.
– अण्णा, होटगी रोड

---

अण्णा, डलासलाही 38 च्या पुढे जातं. प्रश्न हवेचा नाही. पंपावर जे लिहिलंय तेच घालायचं, दोन्ही मिसळायची तर मुळीच नाहीत.
– नाना

---

लेखी आलं: वॉरंटी मार्चमध्येच संपली. म्हणून सकाळी खोललं.

आधी चारही बाजूंना लाकडी ठोकळे लावले, खाली कुणाला शिरू दिलं नाही. मागच्या रॉडची पिन काढून तो कोपरा चेनपुलीने ओढला. पुढचा भाग पंपाचा व्हॉल्व्ह हाताने उघडून ड्रिलने इंच-इंच आत घेतला. दोन तास लागले, पण खोली सरळ बसली.

मिस्त्री म्हणाले, नवीन सील आत्ता टाकून देतो, पण हा चरा ते आठ दिवसांत फाडेल. रॉड घासून हार्ड क्रोमचा मुलामा, मग ग्राइंडिंग. पाच दिवस. मला त्यांचं पटतंय. नुसतं सील टाकून गुरुवारी गेलो आणि खोली तिथे पेशंट आत असताना अडकली तर?
– सोलापूरहून

---

आणि गुरुवार? 140 जणांची नावं नोंदवली आहेत. ही गाडी शिबिरासाठीच घेतली ना आपण!
– शिबिर समिती

---

मंगळवेढं माझं माहेर, तिथलं मी बघते. डोळे तपासायला अंधार लागतो, गाडी नाही. शाळेची एक खोली मिळेल, खिडक्यांना सोलापुरी चादरी दुहेरी टांगू, बाहेर मांडव. भाऊजी, तपासणीची यंत्रं गाडीतून सुटी होतात का तेवढं बघा.
– वहिनी, ह्यूस्टन

---

होतात वहिनी. चार बोल्ट आहेत, उद्या काढतो. खोली बंद असली तरी गाडी सामान घेऊन जाईल.
– सोलापूरहून

---

मग मंजूर. क्रोमचं बिल जीएसटी क्रमांकासकट पक्कं घ्या. फाटलेलं सील पिशवीत घालून ठेवा, बैठकीत दाखवायचंय. रॉड बसवताना पाइपमधली हवा पूर्ण काढून मगच पैसे द्या.
– खजिनदार