दवाखाना, अध्यापन आणि रुग्णांची बाजू: तिन्ही एकत्र जमते का?

खानापूरकर:
सर्व ज्येष्ठांस नमस्कार. बेळगावात माझी इंटर्नशिप संपत आली आहे. घरच्यांचा आग्रह रेडिओलॉजीचा, माझा ओढा मात्र जांबोटीकडे, आमच्या गावाजवळ दवाखाना थाटण्याकडे आहे. पुढे विद्यार्थ्यांना शिकवावे आणि रुग्णांची बाजूही मांडावी, असे मनात आहे. दवाखाना सांभाळून हे होते का?

निपाणीचा जुना डॉक्टर:
डॉक्टर, रुग्णांची बाजू मांडणे म्हणजे निवेदने देणे, असा माझाही एके काळी समज होता. गेल्या पावसाळ्यात एक आजी प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत रेशनकार्ड, वीजबिल आणि एका मोठ्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड. कार्ड इंग्रजीत, तिथल्या सूचना कन्नडमध्ये आणि आजींना मराठीखेरीज भाषा नाही. बीपीचे एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी लिहिले गेले होते, एक गोळी पांढरी, एक गुलाबी. आजी इमानेइतबारे दोन्ही घेत होत्या आणि अंथरुणातून उठताना भोवळ येऊन पडत होत्या. मी त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोन केला, पांढरी बंद केली आणि उरलेल्या गोळ्यांची वेळ मराठीत लिहून दिली. अर्धा तास गेला, फी नेहमीचीच घेतली. आणखी एक, कन्नड वाचायला नीट शिकून घ्या. सरकारी कागद त्याच भाषेत येतो.

पीएसएमचा (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा) मास्तर:
महाविद्यालयात नियमित पद हवे असेल तर सहसा एम.डी. किंवा डी.एन.बी. ही पदव्युत्तर पदवी लागेल, फॅमिली मेडिसिनमध्ये दोन्ही आहेत, पण एम.डी.च्या जागा मोजक्याच. तथापि 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमत्तेचा ‘एटकॉम’ हा भाग आहे, आणि तो वर्गात शिकवताना आम्हाला खोटे रुग्ण उभे करावे लागतात. वरच्या आजींची पिशवी विद्यार्थ्यांपुढे उलगडली, तर आमचे तीन तास वाचतील.

केसपेपरवाला:
वडील गेल्यावर रुग्णालयाकडून केसपेपरची प्रत मिळेना. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी स्वतः बसून अर्ज लिहून दिला आणि भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांत मागणीनंतर 72 तासांत नोंदी देण्याचे बंधन आहे, एवढेच त्यात नमूद केले. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात पडली. तोवर सहा खेपा झाल्या होत्या.

खानापूरकर:
आभारी आहे. निपाणीचे डॉक्टर, फोनवर ते रुग्णालयातले डॉक्टर काय म्हणाले?

निपाणीचा जुना डॉक्टर:
आधी चिडले. आता त्यांच्या कार्डांवर औषधाचे मूळ नाव मोठ्या अक्षरांत असते.