शब्दचर्चा : कड्यावरचं प्रवाळ की भित्तीवरचं?

समुद्रावरच्या एका कार्यक्रमाची मराठी सबटायटल्स करतेय. त्यात चिलीचा कोमाऊ फ्योर्ड (डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद खोल खाडी) आहे, पाण्याखाली उभे कडे आणि त्यांच्या पुढे आलेल्या दगडाखाली, सावलीत, थंड पाण्यातले कोरल उलटे लटकलेले. मी "भित्तीवरील प्रवाळ" लिहिलं तर दादरची मैत्रीण म्हणते ऑस्ट्रेलियातलं ना हे? काय लिहू?

—

ताई, मैत्रिणीचं बरोबरच आहे. शाळेच्या भूगोलापासून प्रवाळभित्ती म्हणजे रीफ, त्यामुळे भित्ती वाचलं की ऊन, उथळ कोमट पाणी, रंगीत मासे. इथे तर सगळं उलटं, ह्या कोरलच्या अंगात शेवाळ नसतं म्हणून ऊन नको, वाहत्या पाण्यातले बारीक जीव पकडून खातात, आणि उलटं लटकलं की वरून पडणारा गाळ अंगावर बसत नाही. सरळ "कड्याच्या सावलीतलं प्रवाळ" लिहा, नाहीतर "कपारीतलं". नॉर्वेजवळचं रॉस्ट, जे २००२ मध्ये सापडलं, ते ३००-४०० मीटर खोल थंड पाण्यात असूनही खरोखर रीफ आहे, तिथे भित्ती चालेल.

आणि प्लीज "शीतजल प्रवाळ" नको, मला रेल्वे स्टेशनवरचा शीतल जलचा नळच दिसतो. "थंड पाण्यातलं" म्हणा की.

—

मग पोवळं का नको? संस्कृत प्रवालचंच तर पोवळं झालंय.

—

शब्द एकच हो काका, पण वापर फुटलाय. पोवळं म्हटलं की मंगळाची अंगठी, झवेरी बाजार. कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये हाजी अली-वरळीचे कोरल हलवले तेव्हा पोवळी हलवली असं कोणी म्हणालं का? गंमत म्हणजे अंगठीतलं लाल पोवळंसुद्धा सावलीतलंच, भूमध्य समुद्रात गुहांच्या छताला आणि कपारींत अंधुक उजेडात वाढतं, तेही इतकं हळू की जाडी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. पण त्याच्या पॉलिपला, म्हणजे प्रवाळातल्या एकेका बारक्या जीवाला, आठ शुंडके, चिलीवालं कठीण पेल्यासारखं, गटच वेगळा. म्हणून लाल असेल तर पोवळं, बाकी सगळं प्रवाळ.

—

"कड्याच्या सावलीतलं प्रवाळ" फायनल, सबटायटलच्या एका ओळीत बसतंय.