'द लाँग हॅलोवीन'मध्ये बॅटमॅनच पाहुणा का वाटतो?

कोरीपाटी:
नमस्कार मंडळी. 'बॅटमॅन: द लाँग हॅलोवीन' हे कॉमिक नुकतंच वाचून संपवलं. लेखन जेफ लोब यांचं, चित्रं टिम सेल यांची, १९९६-९७ मध्ये १३ अंकांत आलेलं. चित्रांनी वेड लावलं, पण मांडणीत दोन गोष्टी खटकल्या. फाल्कोनी आणि मरोनी या दोन टोळीघराण्यांचं वैर छान रंगात येतं आणि मध्येच बॅटमॅनचे नेहमीचे खलनायक, कधी जोकर, कधी पॉयझन आयव्ही, कधी रिडलर, येऊन बसतात. अंक खपावेत म्हणून केलेली भरती आहे का ही? दुसरं म्हणजे, दर सणाला खून पाडणाऱ्या त्या 'हॉलिडे'चा बॅटमॅन तपास करतो म्हणावं, तर त्याच्या हाताला फारसं काही लागत नाही. मग ही गोष्ट नक्की कोणाची? शेवटाबद्दल बिनधास्त लिहा. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.

रातकिडा:
भरतीच आहे. या जोडीने आधी हॅलोवीनचे विशेषांक काढले होते, तिथली सवय इथे आली. टोळ्यांची गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहू शकत होती. ख्रिसमसच्या अंकातला जोकर काढून टाकला तरी गुन्ह्याच्या तपासात काय फरक पडतो?

निळीशाई:
मला हे अजिबात पटत नाही. त्या पाहुण्यांवरच सगळी गोष्ट उभी आहे.

मी जाहिरातींचे स्टोरीबोर्ड काढते, त्यामुळे चौकटीत कोण बसलंय आणि कोण उभं आहे याकडे लक्ष आधी जातं. पहिल्या अंकात लग्न आहे, कार्माइन फाल्कोनीच्या भाच्याचं, जॉनी व्हिटीचं. बाहेर वऱ्हाडी, आत अंधाऱ्या खोलीत फाल्कोनी आणि समोर ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅन. 'द गॉडफादर' पाहिलेल्या कोणालाही ही सुरुवात ओळखू येईल, पण एक गोष्ट उलटी केली आहे. सिनेमात दारात आलेला माणूस मदत मागतो. इथे मागणारा फाल्कोनी आहे. त्याला आपला पैसा ब्रूसच्या बँकेतून फिरवायचा आहे आणि ब्रूस नाही म्हणतो. शहर ज्याला 'रोमन' म्हणतं त्या फाल्कोनीला पहिला नकार लग्नघरातच मिळतो.

आता पुढचे पाहुणे याच नजरेने बघा. आयव्ही ब्रूसला नादी लावते ती फाल्कोनीसाठी. रिडलरला तो हॉलिडे कोण हे शोधायला बोलावतो. स्केअरक्रो आणि मॅड हॅटर बँक लुटतात तेही त्याच्याच कामासाठी. ज्याच्या शब्दावर शहर हलायचं त्याला आपली माणसं पुरेनाशी होतात, आणि ज्यांना तो वेडे म्हणून झटकायचा त्यांनाच कामावर ठेवावं लागतं. शेवटच्या अंकात हेच वेडे त्याच्या ऑफिसात जमा होतात आणि टू-फेस, म्हणजे ॲसिडने अर्धा चेहरा जळलेला सरकारी वकील हार्वी डेंट, त्याला तिथेच संपवतो. गॉथम सूटवाल्यांच्या हातून मुखवटेवाल्यांच्या हातात कसं गेलं, ही ती गोष्ट आहे. मूळ सूचना संपादक आर्ची गुडविन यांची होती: १९८७ च्या 'इयर वन' या बॅटमॅन कॉमिकमधल्या गुंडांचं पुढे काय झालं ते सांगा.

रातकिडा, जोकरचं म्हणाल तर त्याला तपासात शोधू नका. दुसऱ्याच एका खुन्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे याचा त्याला जळफळाट होतो. आणि तो मरणार नाही हे प्रत्येक वाचकाला माहीत असतं. सुपरहिरो कॉमिकची ही जुनी अडचण. टोळीवाले मात्र मरू शकतात. त्यामुळे त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या फाल्कोनी-मरोनींच्या माणसांची खरी धास्ती वाटते. हार्वी डेंटचं तर काय होणार हे १९४२ पासून ठरलेलं आहे. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ६६ व्या अंकात बॉस मरोनी नावाच्या एका गुंडाने भर कोर्टात त्याच्या तोंडावर ॲसिड फेकलं होतं. लोब यांनी त्या गुंडाला बाप दिला, घर दिलं, शत्रू दिला. इथला सॅल मरोनी कोर्टात उभा राहतो तेव्हा त्याच्या बापाचा फादर्स डेला खून झालेला असतो. ॲसिड तेच आहे, पण यावेळी फेकणाऱ्याच्या घरचंही आपल्याला माहीत असतं.

खुनांची पानंही पुन्हा काढून बघा. रंग जातो, काळं-पांढरं उरतं आणि एखाद्याच वस्तूला रंग राहतो. शब्द जवळजवळ नसतातच. .२२ चं पिस्तूल, त्याच्या नळीवर बाळाच्या दुधाच्या बाटलीचं रबरी निपल, आणि त्या सणाची एक वस्तू. मारणाऱ्याचा चेहरा चौकटीच्या बाहेर. सुरुवातीला फाल्कोनीची माणसं पडतात, मग मरोनीची, आणि दोन्हीकडे समोरच्यावर संशय वाढत जातो. वैर पेटवणारा तिसराच कोणीतरी आहे, आणि बॅटमॅन त्याला दोन टोळ्यांमध्ये शोधत बसलाय. म्हणून तो मागे पडतो.

कोरीपाटी:
हे पटलं. पण मग शेवट? फाल्कोनीचा मुलगा अल्बर्टो म्हणतो सगळे खून मीच केले. टू-फेस म्हणतो हॉलिडे दोन होते. आणि सगळे निघून गेल्यावर हार्वीची बायको गिल्डा तळघरात एकटीच म्हणते की सुरुवात मी केली. रहस्यकथेत वाचकाला एक उत्तर मिळायला हवं ना?

रातकिडा:
इथे मी कोरीपाटींच्या बाजूने. गिल्डाचं म्हणणं बॅटमॅनच्या कानावरही जात नाही.

निळीशाई:
निव्वळ रहस्यकथा म्हणून वाचलं तर उत्तर अर्धवट आहे, हे मान्य. माझ्या मते मुळात ती घराण्यांची गोष्ट आहे, आणि त्या हिशेबाने उत्तर पुरेपूर आहे. अल्बर्टो कोण? बापाने धंद्यापासून लांब ठेवलेला मुलगा. गिल्डा कोण? नवरा रात्रंदिवस फाल्कोनीच्या मागे, म्हणून घरात वाट पाहणारी बायको. दोघंही सुरुवातीपासून गोष्टीत आहेत आणि कोणीच त्यांना विचारत नाही. खून सणांच्याच दिवशी का? त्या दिवशी घरच्यांनी एकत्र असायला हवं आणि या दोघांच्या वाट्याला तो दिवस येत नाही, असं मी वाचते. लोब यांनी हे कुठे बोलून दाखवलेलं नाही, सेल यांच्या चौकटींवरून मी म्हणतेय: गिल्डा किती वेळा एकटी काढली आहे ते मोजा.

बॅटमॅनला ते कळत नाही हे योग्यच आहे. तो गच्चीवर पोलीस अधिकारी गॉर्डन आणि हार्वीबरोबर करार करतो, कोठारातल्या फाल्कोनीच्या नोटा हार्वीबरोबर जाळतो. डेंटच्या स्वयंपाकघरात काय चाललंय हे त्याला गच्चीवरून दिसायचं नाही.

'डार्क व्हिक्टरी' लगेच हाती घ्या, १९९९-२००० मध्ये याच दोघांनी केलेलं. फाल्कोनी घराण्यात मागे उरलेल्यांचं काय होतं ते तिथे आहे, आणि बॅटमॅनचा साथीदार रॉबिन याच्या आईवडिलांचा मृत्यूही टोळ्यांच्याच धंद्याशी येऊन भिडतो.