मदत हवी आहे: चेनसॉ गरम झालं की बंद पडतं, थंड झाल्यावर पुन्हा चालू होतं

नमस्कार मंडळी,

जुन्या हापूसच्या छाटणीसाठी ५८ सीसीचं मशीन वापरात आहे. बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) २० इंची, चेन ०.३२५ इंच पिचची. सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला चालू होतं, दहा-बारा मिनिटं नीट कापतं. मग जाड फांदीत पूर्ण रेस दिली की दम सोडतं आणि बंद पडतं. त्यानंतर दोरी कितीही ओढली तरी दाद देत नाही. अर्धा तास सावलीत ठेवलं की पुन्हा पहिल्यासारखं.

प्लग नवा आहे, एअर फिल्टर धुतलेला आहे. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली टू-टी ऑइल टाकतो. गॅरेजमध्ये कार्बोरेटरवरचा एचचा स्क्रू (पूर्ण रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) पाव फेरा आवळून दिला. त्यानंतर रेस मोकळी वाटते, पण बंद पडणं तसंच. कार्बोरेटर नवा टाकावा का?

प्रतिसाद १

कार्बोरेटर राहू द्या. आधी तो एचचा स्क्रू मागे घ्या, त्याशिवाय मशीन चालवूच नका. स्क्रू आवळला की पेट्रोल कमी जातं. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे ऑइलही कमी. रेस मोकळी वाटते ती याचमुळे, आणि पिस्टन खरवडला जातो तोही याचमुळे. एल (कमी रेसचा) आणि एच दोन्ही स्क्रू हलक्या हाताने टेकवा आणि प्रत्येकी एक फेरा मागे घ्या. बारीक जुळणी तिथून पुढे.

लिटरला २० मिली म्हणजे १:५०. मशीनच्या पुस्तिकेत १:२५ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली लागतं. झाकणाने अंदाजे ओतू नका, सिरिंजने मोजा.

मशीन थंड असताना सायलेन्सर काढून आत टॉर्च मारा. त्या भोकातून दिसणारी पिस्टनची बाजू गुळगुळीत दिसली तर सुटलात. उभे ओरखडे दिसले तर कुठलाही स्क्रू फिरवून उपयोग नाही, पिस्टन-रिंग आणि सिलिंडर बघावा लागेल. हात घातलाच आहे तर सायलेन्सरमधली जाळीही पाहा. काजळीने बुजली असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा.

प्रतिसाद २

गरम असताना बंद पडण्याची कारणं दोन गटांत येतात: पेट्रोल पोचत नाही, किंवा ठिणगी जाते. हे थंड झाल्यावर कळत नाही, बंद पडल्या पडल्या तपासावं लागतं.

स्विच बंद करून मशीन सपाट ठेवा. टाकीचं झाकण एकदम उघडू नका, गरम टाकीतून पेट्रोल उसळून अंगावर येऊ शकतं. जवळ विडी-सिगारेट नको. झाकण अगदी थोडं सैल करून कान द्या. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर टाकीचा ब्रीदर (हवा आत घेणारी झडप) बंद आहे. टाकीत हवा शिरत नाही, त्यामुळे पेट्रोल खेचलं जात नाही.

आवाज आला नाही तर झाकण घट्ट लावा, सांडलेलं पुसा आणि प्लग काढा. प्लग टोपीत बसवून त्याचा आटा सिलिंडरच्या पात्यांना टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. स्विच चालू करून दोरी ओढा. थंड असताना निळी ठिणगी आणि गरम असताना काहीच नाही, तर कॉइल (ठिणगीची वीज तयार करणारा भाग) गेली. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर साधारण ०.३ मिमी, व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून बोल्ट आवळले की बसतं. प्लगचा गॅप ०.५ मिमीच्या आसपास.

धागाकर्ता

स्क्रू मागे घेतले, ऑइल ४० मिली केलं. पिस्टन गुळगुळीत आहे. बंद पडल्यावर झाकण सैल केलं तर स्पष्ट "सूऽऽ" करून हवा आत गेली आणि तिसऱ्या दोरीला मशीन चालू झालं! पण आता वेगळंच दिसतंय. रेस सोडली तरी ती लगेच खाली येत नाही, चार-पाच सेकंद वरच राहते.

प्रतिसाद २

ब्रीदर सापडला. काही मशीनमध्ये तो झाकणात असतो, काहींत टाकीच्या वरच्या अंगाला छोट्या नळीच्या टोकाशी. आंब्याचा चीक आणि भुसा मिळून तिथे पुट्टीसारखा थर धरतो. तार घालून टोचू नका, आतली झडप फाटते आणि मग मशीन आडवं केलं की पेट्रोल गळतं. सरळ नवा बसवा. तोवर झाकण सैल ठेवून काम करायचं असा विचारही नको. शेजारी सायलेन्सर तापलेला असतो.

प्रतिसाद १

रेस वर राहते म्हणजे कुठूनतरी जादा हवा शिरते. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी बूट काढा आणि हातात धरून वाकवा. सरळ असताना चीर दिसत नाही, वाकवल्यावर तोंड उघडते. बूट चांगला निघाला तर क्रँकच्या ऑइल सीलवर संशय.

कार्बोरेटर उतरलाच आहे तर त्यातला डायफ्राम (पातळ पडदा) पाहून घ्या. चांगला डायफ्राम मऊ असतो, बिघडलेला कागदासारखा कुरकुरतो. डायफ्राम-गॅस्केटचं नवं किट बसवताना क्रम चुकतो तो इथे: कार्बोरेटरच्या अंगाकडून मोजलं तर सुईच्या बाजूला आधी गॅस्केट, मग डायफ्राम. पंपाच्या बाजूला उलट, आधी डायफ्राम, मग गॅस्केट. त्याआधी जुन्या भागांचा फोटो काढा.

प्रतिसाद ३

पेट्रोलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, कोकणातल्या दमट हवेत तर जास्तच. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाला बसतं, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला फिल्टर तळाशीच लोळत असतो, म्हणजे इंजिन बिनऑइलचं पितं. काचेच्या बाटलीत घेऊन पंधरा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते मशीनमध्ये घालू नका. आठवड्याला लागेल तेवढंच मिसळा. मशीन महिनाभर ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

धागाकर्ता

बूटला खालच्या अंगाला नखाएवढी चीर निघाली. बूट, ब्रीदर आणि पेट्रोल फिल्टर नवे टाकले. मशीन दोन टाक्या सलग चाललं, रेसही लगेच खाली येते. आता फक्त काप डावीकडे वळतो.

प्रतिसाद १

डाव्या आणि उजव्या दातांची लांबी सारखी नाही. सगळ्यात लहान दात शोधा आणि बाकीचे तेवढेच करा. तुमच्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस, ३० अंशांत, आतून बाहेर. दातापुढचा उंचवटा दातापेक्षा ०.६५ मिमी खाली असावा. तरीही वळलं तर बारच्या दोन कडा काचेवर टेकवून उंची पाहा आणि चपट्या कानशीने समान करा. बार दर वेळी उलटा लावत जा.